ब्रह्मदेशाचा अर्धा राजा

शेकोटीत ओंडका सरकवत नानाजी पोरांना म्हणाले, "मुखरू माह्या शेजारचाच. खोटं नाई सांगत."

साल सत्तावन. पौषातली अवस, बुधवार. कुरखेड्याजवळच्या एका गावात रात्रभर नाटक झालं. पहाटे तीनला ते आटोपलं आणि मुखरू बैलबंडी जुंपून एकटाच निघाला. नाटकातलं सिंहासन म्हणजे नदीपलीकडच्या पाटलाची रुंद खुर्ची, दोघं बसतील अशी. ती सकाळच्या आत परत पोचवायची होती.

नाटक ब्रह्मदेशच्या राजाचं. बाप आणि युवराज एकाच गादीवर बसून राज्य करतात. बापानं हुकूम द्यायचा आणि विचारायचं, "युवराज, मान्य?" पोरानं "मान्य" म्हटलं तरच हुकूम चालायचा. राजा व्हायचा मुखरू. युवराज त्याचा सख्खा पोरगा, पत्रू. सात वर्षं बापलेक त्या खुर्चीवर बसले. गेल्या श्रावणात पत्रू सती नदीच्या डोहात बुडाला. यंदा पत्रूच्या जागी मंडळीतला वारलू बसला. "मान्य" तोही म्हणाला, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. पण मुखरूला रात्रभर शेजारची जागा रिकामीच वाटत राहिली.

डोहाशी आल्यावर त्यानं बंडी थांबवली. कंदील खाली ठेवला आणि पाण्यात शिरला. गुडघे बुडाले. मग कंबर.

"पत्रू, घरी करमत नाई रे. तुही माय बोलत नाई, मी बोलत नाई. तुह्यापाशीच येऊन राह्यलो मी."

मग सात वर्षांच्या सवयीनं, राजाच्या आवाजात...

"युवराज, मान्य?"

कुठं तरी टिटवी ओरडत होती. ती थांबली.

मागे बंडीवर खुर्ची करकरली. कुणी उठावं तशी.

"अमान्य."

सात वर्षांत युवराजाच्या तोंडी हा शब्द कधीच नव्हता.

"पत्रू?..."

पाणी हललं. अगदी त्याच्या समोर.

...

पुढचं त्याला आठवत नाही. उजाडलं तेव्हा बंडी त्याच्या अंगणात उभी होती. बायकोनं, वच्छलानं, त्याला हात देऊन उतरवलं. धोतर कमरेपर्यंत चिंब. सदरा कोरडा. फक्त छातीवर ओल्या वाळूचे दोन पंजे, समोरून कुणी मागं लोटल्यासारखे.

"हे कोणाचे हात जी?" वच्छलानं विचारलं. श्रावणापासून ती पहिल्यांदाच बोलली.

मुखरूनं त्यातल्या एका ठशावर आपला पंजा ठेवून पाहिला.

बोटं जुळली नाहीत.