हामिन्केल्नचा दहीभात

कावळा शिवला. साताऱ्याला तसं कळवलं, वसुधाकाकू रडल्या, मग त्यांनी दोन घोट चहा घेतला. प्रकरण संपलं. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण तिथे एकही कावळा खाली उतरला नव्हता.

प्रणव आगाशे हा माझा जर्मनीतल्या डुईसबुर्गमधला रूममेट. तो गिअरबॉक्सच्या कंपनीत इंजिनिअर; मी पीएचडी करतो, म्हणजे भांडी मी घासतो. २०१६च्या मार्चमध्ये त्याचे बाबा, पद्माकरकाका, साताऱ्याला झोपेतच गेले. प्रणवचा जुना व्हिसा संपलेला, नवा हातात आलेला नाही. गेला असता तर परत येता आलं नसतं. धाकट्या भावानं सगळं केलं. दहाव्याला माहुलीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

"दर्भाचा कसला कावळा," त्याची आई, वसुधाकाकू, फोनवर म्हणाल्या. "मला नाही पटत. त्यांचं तुझ्यापाशी काहीतरी अडकलंय रे. तू तिकडे ठेव पान."

काय अडकलंय ते प्रणवला ठाऊक होतं. काका पाटबंधारे खात्यातले निवृत्त ड्राफ्ट्समन, आणि त्यांना नाद एकच: मार्च १९४५मधली दोस्तसैन्याची ऱ्हाइनपारची हवाई उतरणी. एकाच सकाळी, चांगल्या उजेडात, सोळा हजारांवर माणसं पॅराशूटनं आणि ग्लायडरनं वेझेलजवळच्या शेतांत उतरवलेली. काकांनी त्याचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर काढून ठेवले होते. नदीकाठी सोडलेल्या धुरामुळे ग्लायडरवाल्यांना खालची जमीन दिसेना. कित्येक जवान झाडांत लटकले आणि लटकलेल्या जागीच मारले गेले. हे ते श्रीखंडपुरी खाता खाता सांगायचे. वर एवढंच मागणं, "एकदा ते शेत दाखव रे."

शेत आमच्या घरापासून गाडीनं तासाभरावर. प्रणव दर वर्षी म्हणायचा, "पुढच्या उन्हाळ्यात नक्की, बाबा."

म्हणून रविवारी सकाळी आम्ही दहीभाताचा डबा घेऊन वेझेलजवळच्या हामिन्केल्नला गेलो. एका बाजूला पाइनचं रान, समोर काळं ओलं शेत, लांब चर्चचा मनोरा. झाडांवर कावळे भरपूर होते. पण जर्मन कावळे. रविवारी काम करत नाहीत.

पत्रावळ नव्हती. वाढदिवसाची कागदी प्लेट होती, फुगे छापलेली. ती उलटी करून तिच्यावर भात वाढला, तीळ घातले. गुरुजींनी व्हॉट्सॅपवर बजावून सांगितलं होतं, "नाव-गोत्र घेऊनच बोलवा. नुसतं 'या' म्हणू नका."

प्रणवनं नाव-गोत्र घेतलं. "आईला एकटं पडू देणार नाही." कावळे बघत राहिले. "धाकट्याशी भांडणार नाही." एकानं मान फिरवली.

"बाबांची लुना विकणार नाही म्हण," मी सुचवलं.

"गप रे," तो म्हणाला, आणि तेही म्हणाला.

थंडीनं बोटं लाल झाली. भात वरून सुकायला लागला. मग एकदम त्याचा आवाज फुटला. "ज्याला ज्याला यायचं राहिलं, घरी जायचं राहिलं, त्यांनी खाली या. जेवा. तुमचं राहिलेलं सगळं मी करतो."

"नाव," मी म्हणालो. "प्रणव, नाव घे."

कावळे उडाले. सगळे एकदम, आवाज न करता.

नदीकडून धुकं सरकत आलं. त्याला धुराचा आणि ओल्या ताडपत्रीचा वास होता.

पाइनच्या फांद्या एकेक करून खाली वाकल्या, कुणीतरी लोंबकळावं तशा. मग हलक्या होऊन वर गेल्या.

चिखलात बुटाचा ठसा उमटला. त्याच्या शेजारी दुसरा.

मग शेतभर.

प्लेटपुढे रांग लागली. भात शितानं शितानं कमी होत होता. दोनदा कुणी घेत नव्हतं.

कुत्रा फिरवणारी एक आजीबाई बांधावरून आली. कुत्रा मटकन खाली बसला. आजीबाई रिकाम्या हवेला "एन्टशुल्डिगुंग", म्हणजे माफ करा, म्हणाली, आणि कुत्र्याला ओढत रांगेला वळसा घालून गेली.

फोन वाजला. "शिवला का रे?"

प्रणव प्लेटकडे बघत राहिला. "शिवला, आई."

दिलेलं वचन, त्यामुळे कामं सुरू झाली. ती त्याला आपोआप कळतात, ट्रॅममध्ये, जेवताना. पुढच्या ईस्टरला तो रीतसर व्हिसा काढून इंग्लंडात गेला आणि कुणाचं तरी उघडं राहिलेलं फाटक लावून आला. कुणाला तरी बायकोला सांगायचं होतं की सायकल परसात ठेवलीय. बाई केव्हाच गेलेली. प्रणवनं ते तिच्या थडग्याला सांगितलं. घरी येऊन जर्मनांसारखं म्हणाला, "आल्झो, चला, एक झालं." मला वाटलं हसेल. हसला नाही.

भात दर रविवारी न्यावाच लागतो. रांग आता पार रानापर्यंत गेलीय. मागच्या महिन्यात तिच्या शेवटी मला चपलांचे ठसे दिसले. कोल्हापुरी. डावी टाच जास्त रुतलेली. काकांचा उजवा गुडघा दुखायचा.

"बाबा," प्रणव म्हणाला. प्लेट उचलून धावत तिथे गेला. "बाबा, आधी तुम्ही घ्या ना."

ठसे हलले नाहीत. रांग मोडलेली काकांना कधी खपली नाही. उलट रेशनच्या दुकानातसुद्धा मागच्याला "तुम्ही व्हा पुढे" म्हणायचे, आणि घरी उशिरा आल्याबद्दल काकूंची बोलणी खायचे.

परवा पाहिलं तर चपलांच्या पुढे आणखी बूट होते. चपला झाडांच्या आत गेल्या होत्या.

सबब, त्या सकाळच्या उतरणीचे जे कोणी प्रमुख अधिकारी असतील आणि अद्याप कामावर असतील, त्यांना सविनय विनंती की, कै. पद्माकर विष्णू आगाशे, मुक्काम सातारा, हे आपल्या तुकडीपैकी नसून मुलाकडे आलेले पाहुणे आहेत. तरी त्यांना लेखी हुकूम देऊन रांगेत पुढे धाडावे. तोंडी सांगून ते ऐकत नाहीत.