चार नंबरची हजेरी

"…सेट त्या कंट्रोलवाल्यानंच घरी नेलेत. उशीच्या खोळीत घालून शिवताना बघणाऱ्यानं बघितलंय. आणि त्या चौकीवाल्याचं गेल्या वर्षी जे झालं ना, त्यातसुद्धा—"

एवढं बोलून न्हावी गप्प झाला, कारण मी दुकानात पाऊल टाकलं होतं. त्यानं कात्री उगाच दोनदा हवेत चालवली आणि म्हणाला, "या, बसा. केस की दाढी?"

आता पोरांनो, वीज काही तासभर येत नाही, तर सांगतोच. खोळ शिवताना बघणारा म्हणजे मीच. कंट्रोलकाका माझे शेजारी, आमची भिंत एक, खिडकी समोरासमोर. दिसलं ते एकदा बोलून गेलो. तोंडाला कुलूप नाही, हे तुमची काकू रोज सांगतेच. पण मी सांगितलं होतं ते बोटभर, आणि न्हाव्याकडून परत आलं ते हातभर. खरं काय ते मला नंतर खुद्द त्यांनी सांगितलं. मीठमिरची न लावता सांगतो. मध्ये कुणी बोलू नका.

कंट्रोलकाका कालव्याच्या खात्यात, कंट्रोल रूममध्ये वायरलेसवर होते. कालव्यावर पाच चौक्या. रात्री पाणी सुटलं की प्रत्येक चौकीत एक माणूस पाण्याचा दरवाजा सांभाळायला. कालवा डोंगर कापून नेलेला, तिथं मोबाईल म्हणजे नुसतं घड्याळ. म्हणून प्रत्येकाकडे हातात धरायचा एक वायरलेस सेट, आणि काकांच्या खोलीत टेबलावर मोठा सेट. दर तासाला काका हजेरी घ्यायचे. "एक नंबर?" "एक नंबर, ठीक." "दोन नंबर?" "दोन नंबर, ठीक." असं पाचपर्यंत. वहीत प्रत्येकासमोर लिहायचं, 'ठीक'. तीस वर्षं हेच.

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. रात्रभर या पाच आवाजांशी बोलायचं आणि दिवसभर झोपायचं. शेजारी म्हणून मी सांगतो, त्या घरातून माणसाच्या बोलण्याचा आवाज मी वर्षानुवर्षं ऐकला नाही. आणि माझे कान कसे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे.

चार नंबरच्या चौकीवरचा माणूस बोलताना अडखळायचा. 'ठीक' म्हणायला त्याला अर्धा मिनिट लागायचं आणि बाकीचे सेटवर खिदळायचे. शेवटी काकांनीच तोड काढली. म्हणाले, "तू बोलूच नकोस रे. सगळं बरं असेल तर बटण दोनदा दाब. माणूस पाठवायला हवा असेल तर एकदाच." तेव्हापासून त्याची हजेरी म्हणजे खट-खट. नावच पडलं खटखट्या. पोरगा मोठा गुणी. काका गमतीनं विचारायचे, "काय रे, जेवलास का?" खट-खट. "लग्न कधी करतोस?" त्यावर काहीच नाही, मग उशिरानं, लाजत एक खट. "म्हणजे काय, माणूस पाठवू का मुलगी बघायला?" सगळा कालवा हसायचा.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका रात्री दोनच्या हजेरीला काकांनी विचारलं, "चार नंबर?"

खट.

काका थांबले. दुसरा आवाज आला नाही. सेटवर खरखर होती. दुसरा खरखरीत बुडाला असेल, असं त्यांना वाटलं. तीस वर्षांच्या हाताला सवय. वहीत लिहिलं, 'ठीक'.

सकाळी पोरगा दरवाज्याच्या चाकाला टेकून बसलेला सापडला. सेट हातात. अंगठा बटणावर. डॉक्टर म्हणाले, हृदय. दोनच्या सुमाराला त्रास सुरू झाला असेल, अर्ध्या तासात कुणी पोचलं असतं तर…

डॉक्टरांनी पुढचं सांगितलं नाही. काकांनी एक खट कुणालाच सांगितलं नाही.

चार नंबरला नवीन माणूस मिळाला नाही, चौकी बंद झाली. त्याचा सेट काकांकडे परत आला, जाड पाठीचा, पुढे काकांनीच पिवळ्या रंगानं काढलेला चार. तो चार्जरवर ठेवायला हात धजेना. एका सकाळी पिशवीत घालून घरी आणला. बॅटरी काढली. बायकोनं भरतकाम केलेली एक उशीची खोळ होती, तिच्यात सेट आणि बॅटरी घातली, काळ्या दोऱ्यानं तोंड शिवून टाकलं आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवली. ते शिवणं मी बघितलं. सुई कशी धरायची तेही त्यांना येत नव्हतं. का शिवलं असं विचारलं तेव्हा म्हणाले, "उघडं ठेवलं असतं तर वाजलं असतं असं वाटलं." बॅटरी नसलेला सेट!

आता चोरीचं ऐका. नोव्हेंबरच्या वीस तारखेला, गुरुवारी, भर दुपारी कुणीतरी कंट्रोलच्या खोलीचं कुलूप तोडलं आणि चार्जरवरचे सगळे सेट नेले. टेबलावरचा मोठा सेट जड म्हणून राहिला, आणि काकांच्या कमरेचा एक त्यांच्याबरोबर घरी होता म्हणून वाचला. साहेब आले, विचारलं, "किती गेले?" काकांच्या तोंडून निघून गेलं, "पाच."

पाच! चार म्हणाले असते तर पाचवा कुठाय हा प्रश्न आला असता. खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण गळ्यात पडायला हात असतात. साहेब म्हणाले, "सोमवारी चौकशी. किल्ली तुमच्याकडे, वही तुमच्याकडे. सेट मिळाले नाहीत तर तुम्हाला घरी बसावं लागेल." न्हाव्याच्या दुकानातली अफवा ती याच दोन दिवसांतली.

घरी बसायचं म्हणजे काय, ते काकांनाच माहीत. त्या घरात बसायचं. त्या आवाजांशिवाय.

"मग त्यांनी तो ट्रंकेतला सेट परत का नाही दिला?" असं विचारणार ना तुम्ही? मीही विचारलं. म्हणाले, "दिला असता तर सगळेच मी नेले असं ठरलं असतं. आणि तो का लपवला ते सांगावं लागलं असतं."

शनिवारची रात्र, बावीस नोव्हेंबर. म्हणजे घड्याळाप्रमाणे रविवार लागला होता. चौक्यांवर माणसं होती, पण हातात सेट नव्हते. काही झालं तर सायकल मारत निरोप द्यायला या, असं ठरलेलं. काकांना रात्रभर काम असं नव्हतंच. तरी दोन वाजले आणि हात आपोआप बटणावर गेला.

"एक नंबर?"

खरखर.

"दोन नंबर?"

खरखर. त्यांना स्वतःचंच हसू आलं. भिंतीशी बोलावं तसं. पण थांबवेना. तेवढंच बोलणं.

"तीन नंबर?"

काही नाही.

"चार नंबर?"

खट.

काकांचा हात बटणावर तसाच राहिला. चोर असेल. चोराच्या हातात सेट आहेत, गंमत करतोय. हे मनात आलं… आणि त्याच्या मागोमाग दुसरं. चोर बाकीच्या सेटवरून बटण दाबू शकतो. पण टेबलावरच्या सेटवर कुणी बोललं की त्याचा नंबर उमटतो. छोट्या हिरव्या खिडकीत.

काकांनी खिडकीत बघितलं.

चार.

तो सेट ट्रंकेत होता. कुलूप लावलेल्या घरात. खोळीत. शिवलेला.

दुसऱ्या खटची त्यांनी वाट बघितली. घड्याळाकडे बघत. एक मिनिट. दोन. आला नाही. मग परत विचारलं.

"चार नंबर… ठीक?"

खट.

एकदाच. म्हणजे माणूस पाठवा.

पाठवायला कोण होतं? ड्युटीवर खोली सोडायची नाही, हा नियम. त्या फेब्रुवारीतल्या रात्रीही हाच नियम होता, आणि त्याच्याआड लपणं सोपं होतं. काका उठले. खोलीला कुलूप लावलं. कमरेला सेट, हातात बॅटरी, म्हणजे उजेडाची बॅटरी हं. स्कूटर काढली आणि कालव्याच्या बांधावरून निघाले. आठ किलोमीटर. एका बाजूला काळं पाणी, दुसऱ्या बाजूला कापलेला डोंगर. दिवा एक नाही. माणूस एक नाही. थंडी अशी की डोळ्यांतलं पाणी गालावर गार होत होतं. थंडीनंच, असं ते म्हणाले.

थोड्या थोड्या वेळानं कमरेशी… खट.

जणू कुणी विचारत होतं, निघालास का?

चौकी नंबर चार. दाराला खात्याचं कुलूप, गंजलेलं. कुणी हात लावलेला नाही. काकांनी स्कूटर बंद केली. एकदम सगळं गप्प झालं. फक्त पाणी.

ते उभे राहिले. बटण दाबून हळूच म्हणाले, "चार नंबर?"

आणि त्यांचाच आवाज आला. "चार नंबर?" पायाखालून.

काका जागेवरच खिळले. मग लक्षात आलं. बांधावरच्या रस्त्याखाली मोरी होती, पावसाचं पाणी जायला. या दिवसांत कोरडी. आवाज तिथून येत होता. खाली कुठंतरी एक सेट चालू होता, आणि यांचं बोलणं त्यातून बाहेर पडत होतं.

ते खाली उतरले. मोरीत वाकले. उजेड टाकला.

पोतं.

तोंड सुतळीनं बांधलेलं. सुतळी सोडली. आत एक नंबर. बंद. दोन नंबर, बंद. तीन, बंद. पाच, बंद.

आणि तळाशी… पिवळा चार.

पालथा करून बघितला. मागं बॅटरीची जागा रिकामी. नुसती पितळेची दोन टोकं.

काका त्या मोरीतच खाली बसले. सेट मांडीवर. किती वेळ, त्यांना माहीत नाही. मग बोलले. बटण न दाबता. माणसाशी बोलावं तसं.

"आलो रे… उशीर झाला. त्या रात्री एकदाच वाजलं होतं. मला कळलं होतं… मी ठीक लिहिलं."

पाणी वाहत होतं.

काहीच नाही.

काहीच नाही.

मग हातातल्या हातात. अगदी हळू.

खट.

खट.

त्यानंतर तो सेट कधी वाजला नाही.

उजाडताच काका पोतं घेऊन साहेबांच्या दारात उभे राहिले. सेट कसे सापडले यावर म्हणाले, "बांधावरून चक्कर मारली, मोरीत दिसले." चोर आठवड्यात धरला गेला. दरवाजे दुरुस्तीच्या गाडीवरचा ड्रायव्हर, प्रकरण थंड झालं की येऊन नेणार होता. पण एका गोष्टीवर तो अडून बसला. पोलिसांनी कितीही विचारलं तरी म्हणे, "साहेब, मी चारच नेले. पाचवा कुठून आला मला माहीत नाही." पोलीस हसले. म्हणाले, "चोरी करतो आणि मोजताही येत नाही!"

नोकरी वाचली. चौकशीत काकांनी स्वतः उठून त्या एका खटचं सांगितलं. साहेब म्हणाले, जुनं उकरू नका. काका ऐकले नाहीत. मला बरोबर घेऊन पोराच्या आईकडे गेले आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगून टाकलं. मला वाटलं, ती माउली आता चप्पल काढते. ती म्हणाली, "म्हणजे त्यानं हाक मारली होती. मला इतके दिवस वाटत होतं, माझं पोर कुणालाच न बोलावता गेलं." मग ती आत जाऊन रडली, आणि काका बाहेर.

म्हणून म्हणतो, अफवा अगदी खोटी नव्हती. कंट्रोलवाल्यानं सेट नेला होता, पण एकच. आणि त्या पोराच्या बाबतीतही… जाऊ दे. नंतर मी न्हाव्याला सगळं सांगितलं, त्यानं अर्धंच ऐकलं.

ती खोळ ना? ती त्या रविवारी सकाळीच काका घेऊन माझ्याकडे आले. घरी येऊन ट्रंक उघडली होती त्यांनी, घराचं कुलूप शाबूत होतं. म्हणाले, "ही तुमच्याकडे ठेवा. माझ्यानं उसववत नाही." मग कितीतरी वर्षांत पहिल्यांदा माझ्या ओट्यावर बसून चहा प्यायले.

ही बघा. मेणबत्ती जवळ आणा. हे भरतकाम त्यांच्या बायकोचं, आणि ही वेडीवाकडी शिवण त्यांची. काळा दोरा. एक टाका तुटलेला नाही, कुठं उसवलेलं नाही, मी भिंग लावून बघितलंय.

आता दाबून बघ. हां, तिथं. कोपऱ्यात.

लागली ना हाताला? बॅटरी आहे ती.

नुसती बॅटरी.