बाकावरून नाहीसे झालेले सर

चौकीतला फोन सव्वाआठला वाजला. पलीकडे विद्यापीठाशेजारच्या बागेतला माळी होता. त्याला धाप लागली होती.

"मॅडम, लवकर या. सर नाहीसे झाले."

"कुठले सर?"

"आमचे, झाडांचे सर! त्यांना काही आठवत नाही हो. कुणी नाव विचारलं तरी सांगता यायचं नाही."

फौजदारबाईंनी अर्धा चहा तसाच टाकला आणि एका शिपायाला घेऊन त्या निघाल्या.

बाग लहान आणि शांत होती. एका अंगाला विद्यापीठाची दगडी भिंत, भिंतीत पलीकडच्या आवारात उघडणारं छोटं लोखंडी फाटक. परीक्षा संपल्या होत्या, त्यामुळे आवारात चिटपाखरू नव्हतं. मातीची एक अरुंद वाट आतल्या बाकापाशी जाऊन संपत होती. त्या बाकावर एक वयस्क बाई, सरांच्या पत्नी, बसल्या होत्या. मांडीवर पाण्याची बाटली. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईची पाठ; ती बाकाला टेकली नव्हती.

"काकू, किती वाजता आलात?"

"सातला. रोज सातलाच येतो."

"मग काय झालं?"

"हे इथं बसले. मी नळावर बाटली भरायला गेले. परत येऊन बघते तर बाक रिकामा."

"किती वेळ गेला मध्ये?"

"दोन मिनिटं. फार तर तीन."

"हाका मारल्यात?"

"हाकेला ओ देण्याइतकं काय राहिलंय त्यांच्यात?"

आवाज चढला नाही, कापरा झाला नाही. उन्हाचे दिवस असून काकूंच्या अंगात पूर्ण बाह्यांचं पोलकं होतं. बाटली उचलताना बाही सरकली आणि मनगटावर तीन ताजे ओरखडे दिसले.

"हे कशानं झालं?"

"यांची नखं. कापू देत नाहीत." काकूंनी बाही ओढून घेतली.

फौजदारबाईंनी माळ्याला बाजूला घेतलं. माणूस रडवेला झाला होता. बागेतल्या प्रत्येक झाडाची पाटी सरांनीच कधीकाळी लिहून दिली होती. माळ्याला अक्षरओळखही त्या पाट्यांवरूनच झाली होती.

"आज सरांना येताना पाहिलंस?"

"नाही. मी मागं रोपांत होतो. साडेसहाला या वाटेवर पाणी मारलं आणि तिकडं गेलो. रोज सर काठीनं माझ्या ओल्या वाटेची चाळण करतात. डावा पाय ओढत चालतात ना. मी कुरकुरतो, ते हसतात."

"मग कळलं कधी?"

"आठच्या पुढं. काकू एकट्याच दिसल्या. विचारलं, सर कुठायत? त्या दचकल्या. म्हणाल्या, अगंबाई, आत्ता तर इथं होते. मग मीच तुम्हाला फोन लावला."

फौजदारबाई वाटेवर वाकल्या. चिखलात सपाट चपलांची एक ओळ होती, काकूंची. माळ्याच्या बुटांचे ठसे होते. बाकी काही नव्हतं.

तेवढ्यात शिपायानं हाक मारली. भिंतीतलं छोटं फाटक उघडं होतं.

माळ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "पाचोळ्याची ढकलगाडी पलीकडं नेली होती सकाळी. कुलूप लावायचं राहिलं. माझ्या हातून घात झाला, मॅडम."

म्हणजे म्हातारा हिरवळीवरून फाटकात गेला आणि तिथून आवारात. सगळ्यांनीच तसं धरलं. पुढचे दोन तास पोलिसांनी विद्यापीठ पालथं घातलं. प्रयोगशाळा, गच्च्या, बंद उपाहारगृह, वाचनालयामागची अडगळ. शेवटी आवारातलं तळं. दोन माणसं बांबू घेऊन गुडघाभर गाळात उतरली. माळी काठावर हात जोडून उभा होता. काकू मात्र तळ्याकडे आल्याच नाहीत. बाकावर बसून राहिल्या.

तळ्यात काही मिळालं नाही.

अकराच्या सुमाराला फौजदारबाई फोटो घ्यायला काकूंबरोबर त्यांच्या घरी गेल्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दाराला बाहेरून दोन कड्या, आतून दोन. आत शिरल्यावर त्यांना क्षणभर कळेना, हे घर आहे की कोठडी. शेगडीची बटणं काढून ठेवलेली. कपाटांवर चिठ्ठ्या: 'कप', 'औषध', 'इथे काही नाही'. आरशावर वर्तमानपत्र चिकटवलेलं.

"आरसा का झाकलाय?"

"आतल्या माणसाशी भांडतात. घरात परका शिरलाय म्हणून मला रात्रंदिवस सांगतात."

"मदतीला कुणी?"

"चार बायका ठेवून झाल्या. मारतात म्हणून चौघी गेल्या. मुलगा सातासमुद्रापार आहे. रविवारी फोन करतो. आई, धीर धर, म्हणतो." काकू किंचित हसल्या. "त्याचा तरी काय दोष? धीर फोनवरून पाठवता येत नाही."

भिंतीवर एक नवा फोटो होता. हाडकुळा चेहरा, पांढरी दाढी, भिरभिरती नजर. काकूंनी तो काढला नाही. त्यांनी अल्बममधून दुसरा काढून दिला: दाट काळे केस, जाड भिंगांचा चष्मा, गळ्यात टाय, गुळगुळीत हनुवटी.

"हा घ्या. यात चांगले दिसतात."

गॅलरीत सरांचे सदरे वाळत होते. प्रत्येकाच्या कॉलरमागे पांढरी पट्टी शिवलेली; वर नाव आणि फोन नंबर. टेबलावर छोटी कात्री होती. तिच्याजवळ तशीच एक पट्टी सुटी पडलेली, कडेला तुटलेले दोरे.

"ही कुठली?"

"सैल झाली होती. शिवायची राहून गेली."

शिपाई दारातून म्हणाला, "मॅडम, हॉस्पिटलांना कळवलं, स्टेशनला कळवलं. सरकारी निवारागृहात विचारू का?"

काकू गर्रकन वळल्या. "तिथं कशाला? ते काय बेवारस आहेत?"

सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या आवाजाला धार आली होती. शिपाई ओशाळला.

भिंतीवरचं घड्याळ पावणेबारा दाखवत होतं. "भूक लागली असेल बिचाऱ्यांना," फौजदारबाई अर्धवट स्वतःशीच म्हणाल्या.

"बाराला वाढतात," काकू म्हणाल्या आणि खिडकीकडे गेल्या.

फौजदारबाई फोटो घेऊन जिना उतरू लागल्या. दुसऱ्या मजल्यावर त्या थांबल्या. हातातला फोटो पुन्हा पाहिला. मग शिपायाला खाली जीपपाशी थांबायला सांगून त्या परत वर गेल्या. या वेळी त्यांनी दार आतून लोटून घेतलं.

"काकू, बसा. सर आज बागेत आलेच नव्हते."

काकू बसल्या नाहीत.

"सर डावा पाय ओढतात. काठी टेकतात. साडेसहाला भिजवलेल्या वाटेवर सातला तुम्ही दोघं चालत आला असता, तर काठीची भोकं दिसली असती. तिथं फक्त तुमच्या चपला आहेत. ते बाकापर्यंत पोचलेच नाहीत, मग बाकावरून जातील कुठं? उघड्या फाटकानं आम्हाला दोन तास गाळात घातलं. पण फाटक उघडं आहे हे तुम्हाला ठाऊकही नव्हतं. बरोबर?"

काकूंनी टेबलावरची कात्री उचलून खणात ठेवली.

"माणूस हरवल्यावर घरचे लोक ताजा फोटो देतात. तुम्ही असा दिलात की त्यावरून सरांना कुणी ओळखू नये. इतक्या सदऱ्यांच्या पट्ट्या घट्ट आणि नेमकी आजची सैल? ती सुटलेली नाही, कापलेली आहे. झटापट झाली तेव्हा ओरखडे उठले असतील."

"सदरा त्यांच्या अंगात होता," काकू हळूच म्हणाल्या. "आधी लक्षात आलं नाही माझ्या."

"तरीही मला कळत नव्हतं की ते आहेत कुठं. मग तुम्हीच सांगितलंत. बाराला वाढतात. या घरात वाढणाऱ्या तुम्ही एकट्या. तुम्ही 'वाढते' म्हणाला असतात. 'वाढतात' कोण, काकू? बाराच्या ठोक्याला पंगत बसते ती निवारागृहात. सतरा वर्षं मी रस्त्यावरची माणसं तिथं पोचवतेय. आणि तिथं विचारू का म्हटल्यावर तुम्ही विंचू चावल्यासारख्या वळलात."

काकू आता खुर्चीत बसल्या. पाठ पहिल्यांदाच टेकली.

"तीनदा गेले होते मी तिथं," त्या म्हणाल्या. "रीतसर अर्ज घेऊन. ते म्हणाले, बायको जिवंत आहे, मुलगा आहे, घेता येत नाही. ज्याला कुणी नाही त्यालाच घेतात. मी विचारलं, मी मेल्यावर घ्याल? तर म्हणाले, तेव्हा बघू." त्या मनगट चोळत राहिल्या. "सहा वर्षं मी सलग दोन तास झोपलेले नाही. परवा त्यांनी उशी घेतली आणि माझ्या तोंडावर दाबली. परका शिरलाय म्हणून. सुटले कशीबशी. पण खरं सांगू? मला त्यांची भीती नाही वाटली. नंतर ती उशी माझ्या हातात राहिली, आणि हे शांत झोपले होते. तेव्हा मला माझी भीती वाटली."

फौजदारबाई समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"आज साडेपाचला टॅक्सीनं नेलं. फाटकाशी बसवलं, घंटा वाजवली आणि समोरच्या भिंतीआड उभी राहिले. एका बाईनं येऊन त्यांचा हात धरला. बाई गं, किती हळू धरला होता! मग मी बागेत आले. दुसरं जाणार कुठं? कुणाला काही सांगायचा विचार नव्हता. माळ्यानं विचारलं आणि तोंडातून खोटं निसटलं. एकाला एक जोडत गेलं."

"हा गुन्हा आहे, काकू. असहाय माणसाला टाकून देणं."

"माहीत आहे. वर्गात मुलांना नागरिकशास्त्र शिकवलंय मी."

दोघी निवारागृहात पोचल्या. तिथल्या वहीत पहाटेची नोंद होती: 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे पंचाहत्तर.' अधीक्षकांनी चष्मा वर केला.

"ओळख पटली ना? मग घेऊन जा."

"चार दिवस ठेवा. या बाईंची अवस्था बघा तरी," फौजदारबाई म्हणाल्या.

"मॅडम, खाटा अठ्ठावीस, माणसं एकतीस. ज्यांना कुणीच नाही ते जमिनीवर झोपतात. मी कुणाला उठवू?"

फौजदारबाईंनी तिथूनच हॉस्पिटलला फोन केला. हा बरा होणारा आजार नाही, खाट देता येत नाही. समाजकल्याण कार्यालय म्हणालं, यादी आहे, दोन वर्षं लागतील. त्यांनी मुलाचा नंबर लावला. तिकडे मध्यरात्र असावी. कुणी उचलला नाही.

सर लांबच्या बाकड्यावर बसले होते. जेवून झालं होतं, तोंड कुणीतरी स्वच्छ पुसलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्याला ते काहीतरी समजावून सांगत होते. काकू पुढे झाल्या तसे ते बोलायचे थांबले. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग काठी उचलून त्यांच्याकडे रोखली.

"हीच ती बाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हिनं मला सकाळी इथं आणून टाकलं."

चाळीस वर्षांचा संसार पुसला गेला होता. मुलगा, घर, स्वतःचं नाव, सगळं. आजची एवढी एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात राहिली होती.

"हो," काकू म्हणाल्या. "मीच. चला आता."

तिसऱ्या मजल्यापर्यंत न्यायला वीस मिनिटं लागली. शिपायानं एक दंड धरला, फौजदारबाईंनी दुसरा. सर प्रत्येक पायरीला विचारत होते, कुठं नेताय मला. काकू पुढे होऊन दार उघडून उभ्या होत्या.

फौजदारबाईंनी उंबऱ्यातच वही काढून लिहिलं: 'हरवलेले गृहस्थ सुखरूप सापडले. पत्नीच्या ताब्यात दिले.' सुखरूप या शब्दावर पेन क्षणभर अडलं, पण दुसरा शब्द सुचला नाही. गुन्ह्याची नोंद त्यांनी केली नाही. केली असती तर काकूंना नेलं असतं, आणि सरांपाशी कोण राहिलं असतं?

"मॅडम," काकू दारात म्हणाल्या, "दोघांनाही घेतात अशी एखादी जागा असेल, तर मला सांगाल?"

"विचारते," फौजदारबाई म्हणाल्या.

कुणाला विचारणार, हे काकूंनी विचारलं नाही. त्यांनी दार लावलं. फौजदारबाई जिन्यात उभ्या होत्या. आतून कडी सरकली, मग दुसरी. मग सरांचा आवाज आला, घरात कुणीतरी परकं शिरलंय म्हणून.