तोंडात बिस्किट असताना

जेथ्रोचं आणि माझं लग्न ठरलंय. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आमची अजून ओळखही व्हायची आहे.

ऑक्टोबर. इंग्लंडातल्या नॉरफोकच्या किनाऱ्यावर पूर्वेचा वारा सुटलेला, म्हणजे सायबेरियाचे वाट चुकलेले पक्षी आमच्याकडे उतरणार. ते बघायला कॉलिन, डॉट आणि मी समुद्राच्या बांधावरून निघालो, आणि बस चुकलेला एक उंच मुलगा आमच्याबरोबर चालू लागला. तो जेथ्रो. डॉटने दिलेली दुर्बीण त्याने उलटी धरली. "सगळं फार लांब आहे," म्हणाला. मी सुलटी करून दिली. बोटांना बोटं लागली... वारा गार होता, दुसरं काही नाही.

मला त्या दिवशी एक तरी खरा पक्षी हवा होता. गेल्या शरदात मी जाहीर केलेलं हिमघुबड बघायला अर्धा जिल्हा लोटला, आणि ती खताची पिशवी निघाली. तेव्हापासून मी काहीही दाखवलं की कॉलिन विचारतो, "किती किलोची, ब्रायनी?"

चहाला बसलो. डॉट थर्मास उघडत होती, कॉलिन सूचना देत होता. तेवढ्यात माझ्यासमोरच्या काटेरी झुडपातून तो बाहेर आला — धूसर वटवट्या. अतिशय दुर्मीळ, आणि दिसायला सांडलेल्या चहासारखा. "चक्" म्हणाला, गेला. माझ्या तोंडात अख्खं बिस्किट.

ते गिळून मी सांगितलं. कॉलिन म्हणाला, "साक्षीदार?"

सगळे जेथ्रोकडे वळले. त्याच्या आणि माझ्यामध्ये तेच झुडूप होतं.

"मी नाही पाहिला."

झालं. पिशवी दुसरी.

"अरे, तोंड तर झुडपाकडेच होतं तुझं," डॉट म्हणाली.

"झुडपापलीकडे ब्रायनी होती ना..."

डॉटचा चहा कपाबाहेर गेला. कॉलिनने मात्र शिस्त सोडली नाही. निरीक्षण किती वेळ? बांधापासून. उजेड? चांगला. खुणा? कानाच्या पाळ्या लाल, हनुवटीवर चुरा.

"आवाज?"

"चक्. दोन गोटे आपटावेत तसा. मला वाटलं तिचाच — पण तिचे ओठ मिटलेले होते. मी... नीट बघत होतो."

कॉलिनला तो आवाज पाठ होता. त्याने माझ्यासमोर टोपी काढली.

परतताना मी जेथ्रोला विचारलं, "पुन्हा बस चुकेल कधी?"

"आजचीही चुकली नव्हती. खिडकीतून तू दिसलीस, उतरलो."

तरी माननीय पक्षी-नोंद समितीस विनंती, की येत्या ऑक्टोबरात आमच्या लग्नाच्या दिवशी सदर वटवट्यास पुन्हा वाट चुकण्याची रीतसर परवानगी मिळावी. साक्षीदार दोन लागतात; डॉट चहा सांभाळणार, आणि मग आमच्याकडे फक्त कॉलिन आहे.