पहिला पेला

कासारवाडी स्टेशनातून बाहेर पडून नाल्याच्या कडेने चालत आलं की हिंदुराव शेठची चाळ लागते. दहा खोल्या, समोर अंगण, अंगणाच्या टोकाला एक नळ. सकाळी सहाच्या सुमाराला पाणी येतं आणि तासाभरात जातं. बायकांचे स्वभाव बघायचे असतील तर त्या तासात बघावेत. एरवी एकमेकींची पोरं सांभाळणाऱ्या बायका हंड्याच्या नंबरावरून एकमेकींच्या माहेरापर्यंत जातात. मीही जाते. मी कुणाहून शहाणी नाही, फक्त जुन्नरला अकरावीपर्यंत शिकले असल्यामुळे भांडताना पुस्तकी शब्द वापरते.

आमच्या नळाचं पाणी चांगलं असायचं काही कारणच नव्हतं. मोठ्या लाइनीपासून चाळीपर्यंतची नळी शेठने टाकली आणि पाइप वाचावा म्हणून ती सरळ नाल्यातून काढली. दोन पावसाळ्यांत तिचे जोड गंजले. पाणी गेलं की रिकामी नळी नाल्यातली घाण आत ओढते, आणि पाणी आलं की तीच घाण आधी आपल्या हंड्यात पडते, हे मी सगळ्यांना हातवारे करून समजावलं होतं. सगळ्यांना पटलं. शेठनाही पटलं. बघू, म्हणाले.

ते बघत होते तेवढ्यात माझी मुलगी गेली. मुमताज. दीड वर्षाची होती. मी तिच्यासाठी पाणी उकळत होते, पण तेव्हा रॉकेल मिळायची मारामार होती, आणि ज्या आठवड्यात स्टोव्ह बंद राहिला त्याच आठवड्यात तिला जुलाब लागले. त्यानंतर रियाज झाला. रियाजला मी जगवणार होते, बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो. हे सगळं त्याच्यासाठी झालं, हे आधीच सांगून टाकते.

मुमताज गेल्यानंतर शेवटच्या खोलीच्या पडवीत गेनूबाबा राहायला आला. मूळचा चाकणकडचा. एका फाउंड्रीत कामाला होता, छातीत खोकला भरला तेव्हा त्याला घरी बसवलं, पण बसायला घर नव्हतं. बायको नाही, मूल नाही. सगुणाबाई आमच्या चाळीतली सगळ्यात जुनी भाडेकरू आणि सगळ्यात मोठा आवाज. तिने सात घरांत त्याचे वार लावून दिले. सोमवारी एकाकडे जेवायचं, मंगळवारी दुसऱ्याकडे. शुक्रवार आमचा. म्हातारा काही गरीब गाय नव्हता. भाजीत मीठ कमी पडलं तर ते पुढच्या घरी जाऊन सांगायचा, आणि ज्या घरी पोळी जाड असेल त्या घराला त्याने नाव ठेवलंच म्हणून समजा. माझ्या खिम्याचं मात्र चाळभर कौतुक करायचा, म्हणून मला तो आवडायचा.

नळावर त्याचा एक हट्ट होता. पहिला पेला त्याचा. रांग वगैरे त्याला लागू नव्हती. पितळी पेला धारेखाली धरायचा, घटाघटा प्यायचा, मिशा पुसायचा आणि म्हणायचा, भरा. जसं काही पाणी त्याच्या बापाचं. आम्ही हसायचो आणि भरायचो.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात उलट्या-जुलाबांची साथ आली. पलीकडच्या दोन चाळींत घराघरात माणसं आडवी झाली. आमच्याकडे एकही नाही. मग गेनूबाबा बहिणीकडच्या लग्नाला गेला, तिथे मुक्कामाला राहिला, आणि तेवढ्यात आमच्या तीन घरांत साथ शिरली. तो परत आला आणि साथ निघून गेली. म्हातारा आधी पितो म्हणून पाणी गोड होतं, सगुणाबाई म्हणाली. मी हसले. चांगली तिच्या तोंडावर हसले.

हसून झाल्यावर मी काचेच्या दोन बाटल्या उकळून कोरड्या केल्या. सकाळी एक त्याच्या आधी भरली, त्यावर तो कुरकुरला, आणि एक त्याच्या नंतर. मध्ये वेळ गेला तो त्याला पेला रिकामा करायला लागला तेवढाच. दोन्ही खिडकीत ठेवल्या. संध्याकाळी पहिलीच्या तळाशी काळा गाळ बसलेला होता आणि बूच काढल्यावर खोलीत नाल्याचा वास पसरला. दुसरी स्वच्छ. पुढे पहिलीत किडे वळवळायला लागले, दुसरी तशीच. मी पुन्हा करून बघितलं. मग माझ्या नवऱ्याला, युनूसला, आधी पाजून बघितलं. तो कंपनीत फिटर आहे, त्याला असल्या तपासण्यांची हौस. पाण्याला काही फरक पडला नाही, युनूसला मात्र रजा टाकावी लागली. शेवटी बाटल्या दवाखान्यात नेल्या. कंपाउंडर म्हणाला, ही गटारातली आहे आणि ही आमच्याकडच्या इंजेक्शनच्या पाण्याची दिसते, भाभी, कुणाची गंमत करताय?

त्या दिवसापासून मी पाणी उकळणं सोडलं. असं कसं होतं याचा मी खूप विचार केला. काही हाती लागलं नाही. आणि खरं सांगायचं तर रियाजचे गाल भरायला लागले तसा मला त्या विचाराचा कंटाळा आला.

आषाढात नाला फुगला आणि एका पेल्याने भागेना. दोन लागायला लागले. मग तांब्या. नळाच्या धारेचा रंग बदलेपर्यंत म्हातारा पीत राहायचा आणि आम्ही धारेकडे बघत राहायचो, त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. त्याचं पोट पुढे आलं, पाय सुजले, पोटरीवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. जेवण सुटलं. एकदा तो युनूसला म्हणाला की लघवीला जाऊन लई दिवस झाले, पण तक्रार नाही, तेवढीच उठबस वाचते. चालला की त्याच्या आतून पाणी हिंदकळल्याचा आवाज यायचा, भरलेली कळशी कमरेवर घेऊन चालताना येतो तसा. पोरं त्याच्या मागून कान देऊन चालायची. त्यांना कुणी रागावायचं नाही.

युनूस पुन्हा शेठकडे गेला, नळी बदला म्हणाला. हिंदुराव शेठ उलट खूश होते. आपल्या चाळीसारखं पाणी अख्ख्या कासारवाडीत नाही, लोक खोल्या मागायला येतात, चांगली चाललेली नळी कशाला उकरायची? युनूसने घरी येऊन हे सांगितलं आणि मी रियाजला चमच्याने पाणी पाजत राहिले.

म्हाताऱ्यालाही स्वतःची किंमत कळली होती. त्याने मटण मागितलं, मिळालं. ते त्याला खाववलं नाही, पण ताट समोर ठेवून घेतलं. गादी मागितली, सगुणाबाईने स्वतःची दिली. एका सकाळी तर तो पेला हातात धरून नुसताच बसून राहिला. पाणी जायची वेळ झाली, बायका रडकुंडीला आल्या, तेव्हा कुठे गालातल्या गालात हसत प्याला. मला त्या दिवशी त्याचा मनापासून राग आला. राग आला ते बरंच झालं, पुढे उपयोगी पडला.

श्रावणातल्या एका शुक्रवारी दुपारी आमच्या उंबऱ्याशी बसून त्याने खिम्याचं ताट बाजूला सरकवलं.

"ताजबी," तो म्हणाला, "तुज्या हातचं उकळल्यालं पानी दे पेलाभर."

मी स्टोव्ह पेटवला, पाणी उकळलं, निववलं, दिलं. त्याने घोट घेतला आणि तो तसाच्या तसा नाकातोंडातून बाहेर आला. पुन्हा घेतला, पुन्हा तेच. उंबऱ्यावर पडलेलं पाणी स्वच्छ होतं.

"निर्मळ पानी आत ऱ्हातच न्हाई आता," तो म्हणाला. "जागा उरली न्हाई."

मग म्हणाला की उद्या सकाळीच बहिणीकडे निघतो. चाकणची गाडी धरतो. भाच्यांना सांगतो, मला विहिरीच्या रहाटाला उलटा टांगा, सगळं निघून जाऊ दे. हे सांगताना तो हसला. मला त्याची दया आली. जा बाबा, मी म्हटलं, आणि फडक्यात चार पोळ्या बांधून दिल्या. तेव्हा मी ते खरंच म्हटलं होतं.

सकाळी तो बोचकं घेऊन निघाला, पण अंग इतकं जड झालेलं की अंगण ओलांडेपर्यंत नळ फुरफुरायला लागला. रांग लागलेली होती. कुणी त्याला धरलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. पाहुण्याच्या हातातलं सामान घ्यावं तसं सगुणाबाईने त्याचं बोचकं घेतलं. आमच्या शेजारच्या खोलीतल्या नवाबने, ज्याचं कोपऱ्यावर सायकलचं दुकान आहे, नळापाशी स्टूल आणून ठेवलं. बसा बाबा, म्हणाला.

गेनूबाबाने सगळ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"ताजबी, तू शिकल्याली हायेस. सांग यान्ला."

सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. रियाज माझ्या कमरेवर होता. त्याला नुकतीच भाताची पेज सुरू केली होती, त्याची लाळ माझ्या खांद्यावर गळत होती. मी विचार केला. फार वेळ केला नाही.

"बाबा," मी म्हटलं, "पावसाळा तेवढा जाऊ द्या."

तो स्टुलावर बसला आणि पेला हातात घेतला.

त्या दिवशी पाणी डांबरासारखं काळं होतं. नवाब पेला भरून देत होता, सगुणाबाई पदराने त्याच्या मिशा पुसत होती. अजून थोडं, बाबा, झालंच, असं ती दर पेल्याला म्हणत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

धार स्वच्छ झाली. आम्ही रांगेने हंडे भरले.

भरून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की तो बसल्या जागी गेलेला आहे.

उचलायला आठ माणसं लागली. पवनेच्या काठी नेलं. युनूस दिवेलागणीला परत आला, अंगावर पाणी घेतलं आणि भिंतीला टेकून बसला.

"पेटतच नाही," तो म्हणाला. "शेवटी पुरलं."

दुसऱ्या सकाळी नळ वाहत होता आणि एकही हंडा पुढे सरकत नव्हता. शेठनी स्टेशनवरून एक भिकारी आणला, रोजच्या जेवणाच्या बोलीवर. तो प्याला, ओकला आणि निघून गेला. नवाब प्याला. सगुणाबाईही प्याली, हे मान्य केलं पाहिजे. डोळे घट्ट मिटून पिणारी ती म्हातारी बघून मला तिच्याबद्दल माया वाटली.

पाणी तसंच काळं.

मी वास घ्यायला वाकले. कमरेवरचा रियाजही वाकला. त्याने मूठ धारेखाली धरली आणि तोंडात घातली.

मी मूठ ओढून काढली.

नळाखालचा फेस विरला. मग रंग गेला. धारेतून मागची भिंत दिसायला लागली.

सगुणाबाईने माझी कळशी उचलली आणि सगळ्यांच्या आधी नळाखाली लावली.

मी युनूसला पिंपळे गुरवला खोली बघायला सांगितलं. बघू, म्हणाला. पोरगं तर ठणठणीत आहे, म्हणाला, आणि ते खरं आहे. चाळीत त्याचं इतकं कौतुक कधी नव्हतं. नवाबने त्याला लाकडी गाडी करून दिली. शेठनी आम्हाला पुढची मोठी खोली दिली, नळाजवळची. एका सकाळी मी दाराला आतून कडी लावून बसले. दार कुणी वाजवलं नाही. बऱ्याच वेळाने मी फटीतून बघितलं तर सगळ्या बायका रिकामे हंडे घेऊन अंगणात बसलेल्या होत्या, मांडीवर आपापली पोरं घेऊन, आणि त्यातली दोन-तीन पोरं मान टाकून पडली होती. त्या माझ्या दाराकडे बघतही नव्हत्या. मी कडी काढली.

सगुणाबाई रोज म्हणते, दे पोरी, मी नेते त्याला. मी तिच्याकडे देत नाही. मी स्वतः नेते. तिच्या हातून जास्त पाजलं जाईल.

रियाज हसतो, कुणाकडेही जातो, रडत नाही. पाणी अंगी लागलंय पोराच्या, असं सगुणाबाई म्हणते. कमरेवर घेतला की हल्ली मला थांबत थांबत चालावं लागतं.

काल दुपारी चांगलं ऊन पडलं म्हणून मी धुणं वाळत घातलं. दोरीवर युनूसचे कामाचे कपडे होते, माझी साडी होती. रियाजच्या लंगोटांची चळत पेटीवर होती, मागच्या आठवड्यात घड्या घालून ठेवलेली, तशीच. मी एकेक लंगोट उलगडून गालाला लावून बघितला. सगळे कोरडे होते.