आधी कोण निघणार

आमच्या बिल्डिंगच्या तळघरात गाड्यांसाठी सहा चार्जर बसवले, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद माझ्या अडीच वर्षांच्या मुलीला झाला. प्रत्येक चार्जरला बांगडीएवढा गोल दिवा आहे. गाडीत वीज जोरात जात असली की लख्ख पांढरा, कमी जात असली की मिणमिणता. संध्याकाळ झाली की चिमी स्वतःच्या हातानं बूट घालायची, दर वेळी उजवा डाव्यात आणि डावा उजव्यात, आणि मला ओढत खाली न्यायची. दिव्यांसमोर उकिडवी बसून म्हणायची, "बोलतायत."

बोलत होतेच ते. बसवायला आलेल्या माणसाला मी खोदून खोदून विचारलं होतं, कारण कुठेही वायर दिसली की मला तिच्याआधी चिमीचं बोट दिसतं. बिल्डिंगला मिळणारी वीज ठरावीक. सगळ्या गाड्या एकदम ओढायला लागल्या तर मेन फ्यूज उडणार. म्हणून चार्जर एका बारीक तारेनं एकमेकांना जोडलेले. नवी गाडी लागली की तो चार्जर बाकीच्यांना कळवतो, आणि बाकीचे आपापल्या वाट्यातलं थोडं थोडं सोडतात. गाडी लावताना चार्जरच्या पडद्यावर एक प्रश्न यायचा, कधी निघणार? ज्याला आधी निघायचं, त्याला जास्त.

व्यवस्था झकास होती, पण वापरणारे आम्ही होतो. आठवड्याभरात जो तो पहाटेची वेळ टाकायला लागला. उन्हं डोक्यावर आल्याशिवाय अंथरूण न सोडणारे सेक्रेटरी काकासुद्धा. मीटिंगमध्ये यथेच्छ तूतूमैंमै झाली आणि तो प्रश्नच बंद करून टाकायचं ठरलं. यापुढे सगळ्यांना सारखं.

"कुणी लाडका नाही, कुणी दोडका नाही," सेक्रेटरी काका म्हणाले. "कोण कधी जाणार, ते यंत्राला कळायचं कारणच नाही."

पहिल्या मजल्यावर मोठ्या बाई राहायच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांची गाडी धुण्यापुरती बाहेर निघायची. एका संध्याकाळी खाली पाहते तर त्यांचा दिवा एकटा लख्ख, आणि बाकीचे पाच विझल्यात जमा. माझी गाडी गोगलगायीसारखी भरत होती.

"बाई, कुठे दौरा?" मी लिफ्टमध्ये विचारलं.

"मी कुठली जातेय गं? गुडघ्यांना विचारावं लागतं आधी."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या भाच्यानं दार उघडलं. बाई दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. केस विंचरलेले, हात मांडीवर, पायांत बाहेर जायचे बूट. शांतपणे गेल्या, असं सगळे म्हणाले.

"पण बूट घालून?" मी नवऱ्याला विचारलं.

"म्हातारं माणूस होतं. तुला काळजीला घरातलं कुणी पुरत नाही का?"

मग दातवाले डॉक्टर. त्यांचा दवाखाना आमच्याच तळमजल्यावर. सकाळी मी गाडी काढताना त्यांचा दिवा डोळे दिपतील असा होता, शेजारचे सगळे मंद. दुपारी पेशंटच्या तोंडात कापूस ठेवून डॉक्टर "आलोच" म्हणाले, दवाखान्यातल्या स्लिपर काढल्या, बूट घातले, लेस नीट बांधल्या आणि गेले. अजून आलेले नाहीत. त्यांची गाडी मात्र जागच्या जागी होती, केबल जोडलेली, पूर्ण भरलेली.

मी चार्जरवाल्याला बोलावून घेतलं. तो लॅपटॉप जोडून बराच वेळ बसला.

"समान वाटप चालू आहे, मॅडम. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही."

"मग दिवे?"

"दिव्यांत गडबड असेल. बदलून देतो." लॅपटॉप मिटत तो म्हणाला, "प्रश्न बंदच आहे. आता ते कुणाला विचारतच नाहीत."

मला ते वाक्य आवडलं नाही. मी चिमीला खाली नेणं बंद केलं. दोन दिवस तिनं आदळआपट केली, मग सोडून दिलं. त्यानंतर ती हॉलच्या फरशीला कान लावून पडून राहायची. उठवलं की म्हणायची, "थांब ना, ऐकतेय."

मग एका संध्याकाळी ऑफिसातून आले, गाडी लावली, केबल जोडली. माझ्या चार्जरमधून कट्ट असा आवाज आला. मग शेजारच्यातून. मग त्याच्या पलीकडच्यातून. ओळीनं एकेक दिवा मंद होत गेला.

माझा लख्ख झाला.

मी नवऱ्याला फोन लावला. "कुठे आहेस?"

"घरी. कांदा चिरतोय. रडण्याचा आवाज येत नाही का?"

"उद्या गाडी न्यायची नाही. तूही नाही, मीही नाही. टॅक्सीनं जाऊ."

"बरं. आता काय झालं?"

"चिमी कुठेय?"

"हॉलमध्ये. आज अगदी शहाण्यासारखी बसलीय. बघ येऊन."

मी केबल उपसून काढली आणि हुकाला टांगली. दिवा विझायला हवा होता. विझला नाही. केबल कशालाच जोडलेली नव्हती आणि दिवा तसाच, पांढराशुभ्र. बाकीचे दिवे अजून मंद होत चालले होते.

मी केबलला हात लावला. तापलेल्या कपाळासारखी लागली.

मला डॉक्टरांची गाडी आठवली. जागच्या जागी उभी असलेली.

गाड्यांचा यात काही संबंधच नव्हता.

लिफ्टची वाट न बघता मी जिन्यानं धावत सुटले. दार उघडलं. स्वयंपाकघरात नळ वाहत होता आणि नवरा काहीतरी गुणगुणत होता.

चिमी दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. केस विंचरलेले. हात मांडीवर. पायांत बूट.

उजवा उजव्यात. डावा डाव्यात. पट्टे नीट लावलेले.

मी खाली बसले आणि तिचे दोन्ही घोटे घट्ट धरले.

"कुठे निघालीस गं?"

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. मी रोज पाळणाघराच्या दारात तिच्या गालावरून फिरवते, अगदी तसाच.

"तू नाही, आई," ती म्हणाली.