आराखड्यावरचे आक्षेप

महांतेश सर मला पहिल्यांदा भेटले ते मुलींच्या वसतिगृहात. म्हणजे... वसतिगृह अजून व्हायचं होतं! धाराशिवच्या विद्यापीठाच्या उघड्या माळावर मी नकाशा धरून उभी होते. वाऱ्यानं तो उडाला आणि नेमका त्यांच्या तोंडावर जाऊन बसला.

"मॅडम, वसतिगृह हितं नका धरू," नकाशा बाजूला करत ते म्हणाले. "पावसाळ्यात लई पाणी साचतंय." आणि हसले. ते हसू मला सोलापूरपर्यंत पुरलं.

ते मूळचे अणदूरचे, इथं पाणी व्यवस्थापन शिकवायचे. मी सोलापूरच्या एका नियोजन कंपनीत. पुढं विद्यापीठ वाढलं तर कुठं काय बांधायचं, कुठली जमीन मोकळी ठेवायची, याचा आराखडा करायचं माझं हे पहिलंच स्वतंत्र काम. पण दर बैठकीनंतर विद्यापीठाकडून एक नवा, बिननावाचा आक्षेप यायचा आणि मी पुन्हा एसटीत. वाटेतलं तामलवाडी येईपर्यंत डोकं भणभणायला लागायचं. माळावर फिरताना सर छत्री धरायचे, तीही नकाशावर. मला बाई ऊन लागतच नव्हतं जणू!

शेवटी आमच्या कंपनीच्या साहेबांनी बजावलं, "आराखडा यावेळी परत आला, तर काम दुसऱ्याला देतो."

बैठकीआधी विद्यापीठाचे इंजिनिअर शिवराज सहज बोलून गेले, "ज्ञानेश्वरी मॅडम, आक्षेप सगळे महांतेश सरांचेच असतात की."

मी तडक त्यांना गाठलं. ते लिंबाखाली उभे होते.

"खोटे आक्षेप घेता, सर?"

"खोटा एकबी न्हाय. ओढा खरा, उतार खरा, जुनी विहीरबी खरी."

"मग सगळे एकदम का नाही सांगितले?"

ते चपलेनं माती उकरू लागले.

"एकदम सांगितले असते तर... तुम्ही एकदाच आला असता."

एरवी मी हरखून गेले असते. पण आज रडूच आलं. "माझं काम जायची वेळ आलीय, सर. मी दमलेय... खूप दमलेय."

त्यांचा चेहरा उतरला. बैठकीत ते आपणहून उठले. "ओढ्याकाठ मोकळा ठेवलाय, विहीर वाचलीय. आता माझी काही हरकत न्हाय," म्हणाले आणि खाली बसले. आराखडा मंजूर झाला.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. थांब्यावर आम्ही दोघंच उभे होतो.

"आता तुम्हाला बोलवायला काही निमित्त न्हाय राहिलं," ते म्हणाले.

"निमित्त कशाला लागतं?"

"मग... अणदूरला याल? आईला भेटायला?"

"पाहुणी म्हणून?"

"न्हाय..." त्यांचे कान लाल झाले. "घरची म्हणून."

लाजायचं, आढेवेढे घ्यायचे, एवढं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. "हो," मी म्हणाले.

तेच गोंधळले. "घाई न्हाय हो! विचार करा. पुढच्या खेपेला सांगा की..."

"नाही," मी म्हणाले. "या येण्या-जाण्याचा मला आता कंटाळा आलाय, महांतेश. राहायलाच येते."